सूप निघालं की टेबल सुटलं

कॅप्टनला तीन आवाज होते. पहिला पाहुण्यांसाठीचा, लोण्यात घोळवलेला: "यावं, यावं, आपलीच वाट बघत होतो." दुसरा स्वयंपाकघरासाठीचा, फुटक्या पातेल्यावर डाव आपटावा तसा: "खिडकीच्या टेबलाचं सूप काय पुढच्या नाताळला देताय?" आणि तिसरा घरासाठीचा. या तिसऱ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण पहिले दोन दिवसभर वापरून झाल्यावर घरी आणायला काही उरतच नसे. घरी तो "हं" म्हणायचा. जेवलात का? हं. अजून वाढू? हं. मुलगी वक्तृत्वात पहिली आली. हं, छान.

कॅप्टन म्हणजे बोटीवरचा नव्हे. एका मोठ्या हॉटेलच्या जेवणाच्या हॉलचा. कुणाला कुठे बसवायचं, कुठलं ताट कधी बाहेर पडायचं, कुठल्या वेटरने कुठे उभं राहायचं, हे सगळं काळ्या कोटातल्या या माणसाच्या भुवईवर चालायचं. पेले पुसण्यापासून सुरुवात करून तो त्या कोटापर्यंत पोचला होता, आणि कोट अंगात गेल्यापासून गल्लीतला वाणीसुद्धा त्याला कॅप्टन म्हणू लागला होता. बायको "अहो" म्हणायची. फक्त आई बाळ्या म्हणायची. एकदा तिने हॉटेलात फोन करून "जरा बाळ्याला बोलवता का?" असं विचारलं, आणि त्यानंतर कितीतरी दिवस शेफ सापडत नसलेल्या प्रत्येक झाऱ्याला बाळ्या म्हणत होता.

मुलीची तऱ्हा वेगळी. तिच्या कानावरून कुणाचा आवाज गेला की तो थेट घशात जाऊन बसायचा आणि भाडं न देता राहायचा. वरच्या मजल्यावरच्या काकू, वाक्याचं शेपूट गिळणारे मुख्याध्यापक, दार वाजवण्याआधीच बोलायला लागणारा इस्त्रीवाला, सगळे तिच्याकडे मुक्कामाला. बाबांचे तिन्ही आवाज तर तिला झोपेतून उठवलं तरी यायचे. त्यातही तिसरा. एका "हं"मधून ती दमलेला, वैतागलेला, न ऐकलेला, ऐकूनही न ऐकलेला असे निरनिराळे बाबा काढून दाखवायची. आई हातातली पळी खाली ठेवून हसायची. आजी हसता हसता कवळी सांभाळायची. कॅप्टनही समोरच बसलेला असला तर हसायचा आणि म्हणायचा, "हं."

आता नाताळाचं. सगळी माणसं ज्या दिवशी आपापल्या घरी जेवायला बसतात, त्या दिवशी बाहेर जेवायला बसणारीही काही असतात, आणि त्यांना वाढायला कुणीतरी लागतं. ते कुणीतरी म्हणजे कॅप्टन. लग्न झाल्यापासून एकाही नाताळाच्या दुपारी तो घरी नव्हता. घरातल्या दर वर्षीच्या फोटोत सगळे टेबलाभोवती दाटीवाटीने बसलेले, केक मधोमध, आणि एका खुर्चीवर सगळ्यांनी काढून टाकलेल्या स्वेटरांचा ढीग. ती खुर्ची त्याची.

त्याचं जेवण मात्र ठेवलेलं असायचं. त्याची आई स्वतःच्या हाताने त्याचं ताट वाढायची, वर एक मोठं जर्मनचं झाकण घालायची, आणि मग त्या झाकणाला कुणी बोट लावायचं नाही. दिवेलागणीला कॅप्टन यायचा, कोट खुंटीला टांगायचा, झाकण उचलायचा. खाली सगळं असायचं. भाजलेली कोंबडी असायची, बटाटे असायचे, केकचा सगळ्यात मोठा तुकडा असायचा, फक्त गरम काही नसायचं. आई समोर बसून दुपारी कोण काय बोललं ते सांगायची. तो खात खात "हं" म्हणायचा आणि शेवटी न चुकता म्हणायचा, "पुढच्या वर्षी नक्की हं, आई."

मुलगी हे वाक्य इतकं हुबेहूब म्हणायची की एकदा आजीने आतल्या खोलीतून उत्तर दिलं, "बघू या तुझी पुढची वर्षं."

यंदा थंडी सुरू व्हायच्या आधीच आजीने अंथरूण धरलं. चांगलं दणकून धरलं. डॉक्टरीणबाई घरी येऊन जायच्या. उठली तेव्हा ती निम्मी झाली होती, आणि चालताना भिंतीला विचारून पाऊल टाकत होती. एक दिवस कॅप्टन कामावर निघताना बुटाची नाडी बांधत होता, तेव्हा ती म्हणाली, "बाळ्या, एकदा नाताळचं तुझ्याबरोबर जेवायचंय."

"आई, तुला माहितीये ना त्या दिवशी..."

"ऐकून तर घे. गरम जेवायचंय. समोरासमोर बसून. तू वाढायला उठायचं नाही आणि मी झाकायला उठायचं नाही. एवढंच."

कॅप्टनच्या तोंडात "पुढच्या वर्षी" आलंच होतं. त्याने आईकडे पाहिलं आणि ते गिळलं. "बघतो," म्हणाला.

त्याने खरंच पाहिलं. मॅनेजरसाहेबांना गाठून म्हणाला, "साहेब, नाताळच्या दुपारी जरा घरी जायचं म्हणत होतो." मॅनेजरसाहेब कानावरची पेन्सिल काढून म्हणाले, "कॅप्टन, तुम्ही नसलात तर हा हॉल बुडेल हो." आणि खरं सांगायचं तर हे ऐकून कॅप्टनला वाईट वाटायच्या आधी बरं वाटलं. चांगलं वीतभर छाती फुगण्याइतकं बरं वाटलं. त्याने पुन्हा विचारलं नाही. घरी येऊन म्हणाला, "साहेब ऐकतच नाहीत."

आजीने पांघरूण वर ओढलं. बोलली ती मुलगी, तेही बाबा कामावर गेल्यावर, आईच्या कानात. बाबा जेवणाला येत नसतील तर जेवण बाबांकडे जाईल. आपण तिघींनी त्यांच्याच हॉटेलात टेबल घ्यायचं, आणि चौथी खुर्ची त्यांची.

"ते बसतील का खुर्चीत?" आईने विचारलं. "त्यांना उभं राहायची एवढी सवय झालीये की झोपेतसुद्धा ताठ असतात."

म्हणून मुलगी शाळेच्या दप्तरासकट जाऊन मॅनेजरसाहेबांना भेटली. साहेबांना स्वतःला आई होती, लांब कुठेतरी. ते म्हणाले, "सूप निघालं की मी येऊन हॉल हातात घेतो आणि कॅप्टनला खांदे धरून खुर्चीत बसवतो. पण आधी कळू देऊ नकोस. कळलं तर कोटाची बटणं लावून नाही म्हणेल."

राहिलं टेबल राखून ठेवणं. ते फोनवर व्हायचं आणि तो फोन कॅप्टन स्वतः उचलायचा.

"नमस्कार," लोणी सुरू झालं, "काय सेवा करू?"

"मी डॉक्टरीणबाई," नाकातून आवाज आला. प्रत्येक शब्द गोळीसारखा सुटा, पाण्याबरोबर घ्यावा असा. "नाताळचं दुपारचं जेवण. खिडकीजवळचा कोपरा. झुळूक नको. चार खुर्च्या."

"अवश्य बाई. चौघं येणार आपण?"

"तिघी येणार. चौथे तिथेच भेटतील."

"चौथे कोण म्हणायचे?"

"चौथे फार कामात असतात," नाक म्हणालं. "पण खुर्ची काढू नका. सकाळ-संध्याकाळ सांगून ठेवत्येय."

"बाई, एक विनंती," कॅप्टन म्हणाला. "आमच्याकडे नाताळला सूप सगळ्यांना एकदमच निघतं. सूप निघालं की टेबल सुटलं. म्हणजे रिकामं असेल तर दुसऱ्याला द्यावं लागतं. तेवढं वेळेत यावं."

हा त्याचा नियम होता आणि हॉटेलात तो काळ्या दगडावरच्या रेघेसारखा होता. त्या दिवशी दाराबाहेर टेबलासाठी माणसं ताटकळत असतात, आणि येतो येतो म्हणून न येणारेही असतात. त्यासाठी कॅप्टनने हे ठरवून टाकलं होतं. स्वयंपाकघराची दारं उघडली, सुपाचा पहिला ट्रे बाहेर पडला, की ज्या टेबलावर माणूस नाही ते टेबल पुढच्या माणसाचं. मग ते मंत्र्याचं असो की मालकाच्या मेहुण्याचं. मालकाच्या मेहुण्याचं खरंच एकदा गेलं होतं.

फोन ठेवून कॅप्टन शेफला म्हणाला, "एक नाकवाली बाई येतेय, जपून. मीठ जास्त झालं तर इंजेक्शन देईल."

घरात त्या आवाजाची गंमत न कळलेला माणूस हा एकटाच. घरातल्या कुणीही तो ओळखला असता. ज्या डॉक्टरीणबाई आजीच्या आजारपणात रोज घरी यायच्या, त्यांचाच तो होता, मुलीच्या घशातून आलेला, अगदी "सकाळ-संध्याकाळ"सकट. पण त्या यायच्या तेव्हा कॅप्टन नेहमी हॉलमध्ये असायचा. त्याने तो कधी ऐकलाच नव्हता.

नाताळ उजाडला. आजीने सकाळपासून तयारी आरंभली. ठेवणीतलं लुगडं, त्यावर सुनेचा चांगला स्वेटर, पायात मोजे आणि मुलाने कधीकाळी आणलेले, मोठे होतात म्हणून कधीच न घातलेले बूट, पुढे कापूस भरून. घरात त्या सकाळी गॅस पेटला तो फक्त चहापुरता. आजीने सुनेला दोनदा विचारलं, "झाकण्यासारखं काहीच करायचं नाही ना?"

"नाही हो आई. आज सगळे तिथेच."

रिक्षा करून तिघी वेळेच्या चांगल्या आधी हॉटेलसमोर उतरल्या. आणि इथे घोडं अडलं.

कॅप्टन घरी हॉटेलातलं फार सांगत नसे, पण कधीमधी, सुटीच्या दिवशी, चहाचा दुसरा कप मिळाला की पाहुण्यांची नक्कल करायचा. मुलीला ही कला कुठून आली ते तेव्हा कळायचं. त्यातली एक नक्कल सगळ्यांची लाडकी होती: वेळेआधी येऊन बसणारे पाहुणे. रुमाल गळ्यात, चमचा मुठीत, डोळे स्वयंपाकघराच्या दारावर. "मोठी माणसं कशी, उशिरा येतात, मागे बघत बघत येतात," कॅप्टन सांगायचा. "आणि ही आधीच हजर. आम्ही आत म्हणतो, आले बघा, यांच्या घरी चूलच पेटली नाही." सगळे हसायचे. आजीही हसायची. पण आजीने ते नुसतं हसून सोडलं नव्हतं, जपून ठेवलं होतं.

"इतक्यात नको," रस्त्यापलीकडच्या बाकाशी थांबून ती म्हणाली. "जरा टेकू या."

"आई, बसायचं ते आत बसू की. तिथे गादीच्या खुर्च्या आहेत," सून म्हणाली.

"भुकेल्यासारखं आधी जाऊन बसायचं नाही. त्याचे लोक काय म्हणतील? कॅप्टनची आई आली बघा, घरी चूल पेटली नाही."

"आज खरंच नाही पेटली, आजी," मुलगी म्हणाली.

"म्हणून तर."

तिघी बाकावर बसल्या. समोर हॉटेलची मोठी काच होती आणि काचेमागे, झुळूक न लागणाऱ्या कोपऱ्यात, त्यांचं टेबल दिसत होतं. पांढरं कापड, चार पेले, चार खुर्च्या. मध्येच कॅप्टन तिथे आला, एका खुर्चीची पाठ बोटभर सरळ करून गेला. आजीने सुनेला कोपराने ढोसलं. "बघ, आपलीच खुर्ची नीट करतोय. घरी कधी चादर तरी नीट करतो का?"

मोटारी येत होत्या, माणसं उतरत होती. आजी प्रत्येकाचं मोजमाप घेत होती. "हे आपल्याआधी जाऊ देत. हे तर दिसतातच भुकेले. त्या फरच्या कोटवाल्या बाई जाऊ देत, मग आपण."

"आजी, सूप निघालं की टेबल सुटतं. बाबांनी फोनवर सांगितलंय."

"एवढं मोठं हॉटेल, आणि सूप संपतं होय?"

"संपत नाही गं. टेबल जातं."

"तुझ्या मॅनेजरकाकांना माहितीये ना आपण येतोय ते? मग कोण देतंय आपलं टेबल?"

मुलगी काचेकडे बघत बसली. माहीत तर होतंच त्यांना.

पण मॅनेजरकाका त्या वेळी हॉलमध्ये नव्हते. हॉटेलची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती आणि आत एक आजोबा आणि त्यांचा पुडिंगसाठी उतावीळ झालेला नातू अडकले होते. मॅनेजरसाहेब दाराच्या फटीला तोंड लावून आजोबांना धीर देत होते आणि आजोबा उलट त्यांनाच धीर देत होते. हॉलची आठवण त्यांना झाली नाही.

हॉलमध्ये कॅप्टन कोपऱ्याकडे बघून चुटपुटत होता. "तुमची नाकवाली अजून आली नाही," शेफ दारातून म्हणाला. "सूप तयार आहे. साय धरेल वर."

"दोन मिनिटं थांब."

शेफने भुवया वर केल्या. "कोण थांब म्हणतंय? नियम कुणाचा? मालकाच्या मेहुण्याला सांगू का, कॅप्टन डॉक्टरणीसाठी थांबले म्हणून?"

दाराशी एक कुटुंब उभं होतं. आईबाप, दोन मुलं, टेबल न ठरवता आलेले. धाकटं बापाच्या पायावर उभं राहून टाचा उंचावत होतं. कॅप्टनने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा कोपऱ्याकडे. मग भुवई हलली. स्वयंपाकघराची दारं उघडली, ट्रे बाहेर पडला, आणि कॅप्टनने डॉक्टरीणबाईंच्या नावाचं कार्ड उचलून खिशात घातलं. "यावं, यावं," तो त्या कुटुंबाला म्हणाला, "आपलीच वाट बघत होतो."

रस्त्यापलीकडे मुलगी बाकावरून उठली. "आजी, आपल्या टेबलावर कोणीतरी बसतंय."

आजीने डोळे बारीक केले. "वेटर असतील."

"वेटर खुर्चीत बसतात का?"

तिघींनी रस्ता ओलांडला. आजी कापसाच्या बुटातून जमेल तेवढी भरभर चालली, म्हणजे काही भरभर नाही. दारात पोचल्या तेव्हा कॅप्टन पाठमोरा होता. दार वाजलं तसं लोणी आपोआप सुरू झालं, मान वळायच्या आधीच.

"क्षमा असावी, आता एकही टेबल..."

आणि मान वळली.

समोर आई होती. केस चोपून बसवलेले, स्वेटरचं वरचं बटण खालच्या काजात. मागे बायको. आणि मुलगी, जिने त्याच्याकडे बघत, नाकातून, पण अगदी हळू म्हटलं, "डॉक्टरीणबाईंकडून आलोय आम्ही. चौथे भेटले का?"

कॅप्टनचा हात कोटाच्या खिशाकडे गेला. कार्ड तिथेच होतं. त्याला सगळं एकदम कळलं, फोन, नाक, चौथी खुर्ची. तोंडातून मात्र तीनपैकी एकही आवाज निघेना.

"सूप निघालं वाटतं," बायको म्हणाली.

"तुम्ही... इतका वेळ कुठे होतात?"

"समोर बाकावर," मुलगी म्हणाली. "आजी म्हणाली, मोठी माणसं उशिरा जातात."

कॅप्टनने कोपऱ्याकडे पाहिलं. ते धाकटं पोर चौथ्या खुर्चीत गुडघ्यावर बसून सूप फुंकत होतं. त्याला उठवता येत नव्हतं. आईच तेवढ्यात म्हणाली, "कुणाला उठवू बिठवू नकोस हं. जेवत्या माणसाला उठवू नये. आणि आम्ही काय, जेवूनच आलोय."

"आई..."

"खरंच. भरपूर झालं. सहज आलो होतो तुझं हॉटेल बघायला. छान आहे. दिवे किती लावलेत." तिने मान लांब करून आत पाहिलं. "तो कोपरा आपला होता का? चांगला आहे. झुळूक लागत नसेल."

इतक्यात मॅनेजरसाहेब आले, बाहीला ग्रीस लागलेलं, घामाघूम. लिफ्ट उघडली होती. त्यांनी तिघींकडे पाहिलं, कोपऱ्याकडे पाहिलं, आणि कपाळाला हात लावला. पण माणूस कामाचा होता. लगेच म्हणाले, "कॅप्टन, कोट काढा. यांना घेऊन घरी जा. नाहीतर कुठेही जा, जिथे चार खुर्च्या असतील तिथे. हॉल मी बघतो."

आता इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. खुंटी जवळच होती. कॅप्टनने वरचं बटण सोडलंसुद्धा.

पण मागे सुपाच्या वाट्या उचलल्या जात होत्या आणि एक वेटर चुकीच्या बाजूने वाट्या काढत होता. कॅप्टनला ते न बघताच कळलं, नुसत्या आवाजावरून. स्वयंपाकघरातून शेफचा आवाज आला, "पुढचं काढू का? कोण सांगतंय?" आणि मॅनेजरसाहेबांनी, बिचाऱ्यांनी, भलत्याच टेबलाकडे बोट दाखवलं.

"एवढं मुख्य जेवण निघू दे," कॅप्टन म्हणाला. "ते निघालं की आलोच. तुम्ही पुढे व्हा. आई, आलोच मी."

"हो हो," आई म्हणाली. "तू तुझं कर. सावकाश ये."

तिने त्याच्या कोटाचं सुटलेलं बटण लावलं. तिच्या बोटांना ते लवकर जमेना, तरी लावलं. मग तिघी वळल्या. मुलगी शेवटी होती. तिने मागे वळून बाबांकडे पाहिलं. तोंड उघडलं, आता नक्कल करणार असं वाटलं, "पुढच्या वर्षी नक्की हं." पण केली नाही.

मुख्य जेवण निघालं. मग ते वाढून झालं. मग केक आला, मग केकवर मेणबत्त्या, मग कुणाच्या तरी पेल्याने पांढऱ्या कापडावर लाल नकाशा काढला. मॅनेजरसाहेब दोनदा म्हणाले, "अहो जा ना आता." कॅप्टन दोनदा म्हणाला, "निघालोच." हॉल बुडाला नाही. कॅप्टन तिथे होता म्हणून नाही बुडाला, असं तो रस्ताभर स्वतःला सांगत घरी गेला.

दिवे लागले होते. खिडकीतली कागदी चांदणी एका बाजूला कललेली. आत बायको कपड्यांच्या घड्या घालत होती, मुलगी पुस्तकात डोकं घालून बसली होती, एकच पान धरून. आई पलंगावर पाय पसरून बसलेली. बूट शेजारी, कापूस बाहेर काढलेला.

"जेवलास ना?" आईने विचारलं.

दिवसभर त्याच्या पोटात एक घासही नव्हता. त्याने टेबलाकडे पाहिलं. टेबल रिकामं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिथे झाकलेलं ताट नव्हतं. झाकण भिंतीवर खिळ्याला होतं, कोरडं. कुणी ते विसरलं होतं असं नाही. या घरात आज नाताळचं काही शिजलंच नव्हतं, कारण सगळे तिथेच जेवणार होते.

"हं," कॅप्टन म्हणाला. "जेवलो. तुम्ही?"

"आम्ही तेव्हाच सांगितलं ना. भरपूर झालं होतं."

तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला. ओट्यावर पावाचा रिकामा कागद आणि अंड्याची टरफलं होती. चहाच्या कपात बुडवून खाल्लेल्या पावाचे तुकडे होते. आईचा कप, कान तुटलेला, त्यात अर्धा चहा तसाच. कॅप्टनने टरफलं पावाच्या कागदात गुंडाळली. पाणी प्यायला विसरला.

पुढच्या वर्षी त्याने रजा मागितली. नुसतं "म्हणत होतो" नाही, समोर उभा राहून मागितली. मॅनेजरसाहेब म्हणाले, "जा की." पेन्सिलसुद्धा कानावरून काढली नाही. हॉल एका तरुण कॅप्टनकडे दिला, आणि हॉल तेव्हाही बुडाला नाही. शेफने नंतर सांगितलं, सूप जरा लवकरच निघालं म्हणे.

पण आई तोवर पलंगावरच असायची. टेबलाशी बसवणं होत नव्हतं, चावणंही होत नव्हतं. कॅप्टनने सूप केलं, वाडग्यात घेतलं, खुर्ची पलंगासमोर ओढली, ती स्वेटरांची खुर्ची, आणि समोरासमोर बसला. गरम होतं, फुंकून फुंकून द्यावं लागत होतं. बायको आणि मुलगी उशीशी टेकून बसल्या होत्या.

थोडे चमचे झाल्यावर आईने हात आडवा केला. त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिली, जशी ओळख पटवावी तशी.

"आज कामावर नाही गेलास?"

"रजा घेतली."

"दिली त्यांनी?"

"दिली. मागितली, दिली."

"इतकी सोपी होती?" आई म्हणाली. रागाने नाही, नुसतं आश्चर्याने. "मग आधी का नाही मागितलीस रे, बाळ्या?"

कॅप्टनने चमचा वाडग्यात ठेवला. वाफ अजून येत होती.

"हं," तो म्हणाला.

मुलीने तो ऐकला. तिच्या घशात बाबांचे सगळे "हं" मुक्कामाला होते, आणि पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांसमोर, मैत्रिणींसमोर तिने ते काढून दाखवले. हा एक मात्र तिने कधी काढला नाही.